जेट सोडण्याआधी: आत्याचे कानमंत्र

बाळा, सुपरसॉनिक जेट प्लेटवर आदळताना त्याचं हाय-स्पीड चित्रण करायचं काम तुझ्याकडे आलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं झालं, निदान घरात कुणीतरी माझ्यासारखं बहिरं व्हायची जोखीम घेतंय! समीकरणं पुस्तकात मिळतील, दिशा गाइड दाखवतील. पण कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच नाही, हे कुणी लिहून ठेवत नाही. या कामात देखणं चित्र मिळणं फारसं अवघड नाही. ते खरं आहे हे सहा महिन्यांनी दाखवता येणं अवघड. खालचे सगळे मंत्र त्यासाठीच आहेत.

झडप उघडण्याआधी

१. आत इअरप्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घालायचं. “पाचच सेकंदांचा तर रन आहे” असं म्हणायचं नाही — प्लेटवर आदळणारं जेट एका सुरात किंचाळतं, आणि कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. कान शाबूत, तर काम शाबूत.

२. हवेच्या लवचिक नळीला प्रत्येक सांध्यापाशी पोलादी सुरक्षा-दोर बांध — सांधा निसटला की दाबाखालची नळी चौफेर फटकारते, आणि ती समोर विद्यार्थी आहे की प्राध्यापक हे बघत नाही.

३. मुख्य झडप सावकाश उघड — एकदम उघडली की दाबाचा धक्का रेग्युलेटर आणि गेज दोघांनाही बसतो, शिवाय पाइपातला गंज सुटून प्लेटवर खड्डे पाडतो.

४. रन चालू असताना जेटजवळ हात न्यायचा नाही, “थोडं वारं लागतंय का बघू” म्हणूनसुद्धा नाही — जोराची हवा कातडीतून आत शिरू शकते.

५. प्लेट बोल्टने आवळ, क्लॅम्पवर भागवू नकोस — २५ मिलिमीटरच्या नोझलमधून चारपट दाबाने निघालेलं जेट सुमारे २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका जोर लावतं, आणि तो जोर सेकंदात हजारो वेळा कमीजास्त होत असतो.

हवा आणि नोझल

६. गेजवरचा आकडा म्हणजे दाबाचं गुणोत्तर नव्हे. त्यात आधी वातावरणाचा दाब मिळवायचा आणि मग वातावरणाच्याच दाबाने भागायचं — गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. गेजवर ३ बार असताना मुंबईत गुणोत्तर सुमारे ४ येतं. बेंगळुरूत हवेचा दाब ०.९१ बारच्या आसपास, म्हणून तिथे तेच ४.३ होतं, आणि दोघं जण आपापल्या जागी बरोबर असूनही भांडत बसतात.

७. रोज सकाळी बॅरोमीटर आणि खोलीचं तापमान वहीत लिही — “त्या दिवशी पाऊस होता बहुतेक” या वाक्यावर कुठलाही आलेख काढता येत नाही.

८. हवा सुकवलेलीच वापर, आणि टाकीच्या तळाचं पाणी रोज काढून टाक — टाकीतली हवा २७ अंशांवर असली, तरी माख १.५ ला जेटच्या आत ती उणे ६६ अंशांपर्यंत उतरते. तिथे वाफेचं धुकं धरतं आणि ते प्रकाश अडवून नसलेल्या गोष्टी दाखवतं.

९. ड्रायर नवा असूनही जेटच्या कडेला पांढुरकं दिसलं, तर ड्रायरवाल्याला लगेच फोन करू नकोस — जेट खोलीतली हवाही ओढून घेतं, आणि पावसाळ्यातली ती दमट हवा कडेच्या थरात गारठते.

१०. साध्या निमुळत्या नोझलला गुणोत्तर १.८९ च्या वर गेल्याशिवाय सुपरसॉनिक काही मिळत नाही, हा आकडा भिंतीवर लावून ठेव — जेटमध्ये शॉकचे हिऱ्यासारखे आकार दिसले नाहीत की लोक आधी आरसे हलवतात, आणि दोष दाबात असतो.

११. दर आठवड्याला नोझलच्या कडेवरून नख फिरव — नखाला जिथे अडखळल्यासारखं होतं, तिथूनच चित्रात एक तिरकी रेघ निघते, आणि ती रेघ शोधनिबंधात छापली गेली की मग तिला नाव द्यावं लागतं. नोझल पुसावं, मग जेटवर रुसावं.

१२. टाकीवरचे रन छोटे ठेव, आणि दाबाबरोबर तापमानही सतत नोंदव — टाकी रिकामी होताना दोन्ही उतरतात. त्यामुळे पहिल्या फ्रेममधलं जेट आणि शेवटच्या फ्रेममधलं जेट एकच नसतं.

आरसे आणि ब्लेड

१३. रोज पहिलं काम म्हणजे प्रकाशाच्या वाटेत आपला तळहात धरायचा — तापल्या तव्यावरून पलीकडचं थरथरताना दिसतं ना, आरसे आणि ब्लेडची ही श्लीरेन मांडणी तीच थरथर शिस्तीत पकडते. बोटांवरून चढणारी ऊब स्क्रीनवर स्वच्छ दिसली तर मांडणी जागी आहे. नाही दिसली तर जेट सोडून हवा वाया घालवू नकोस.

१४. आरसा पुसायचा मोह झाला तर हात मागे बांध. रबरी फुग्याने धूळ उडव आणि झाकण घाल — अॅल्युमिनियमचा पातळ थर काचेच्या पुढच्याच अंगाला असतो. धूळ चित्रात ठिपक्यापुरती दिसते, ओरखडा जन्मभर दिसतो. आरसा पुसला, हात फसला.

१५. दोन्ही आरशांचे कोन होतील तेवढे लहान, एकमेकांइतके आणि विरुद्ध दिशांना ठेव — त्याने एका आरशाचा कोमा-दोष दुसरा फेडतो. अस्टिग्मॅटिझम मात्र उरतोच, आणि कोन वाढला की तोही वाढतो.

१६. प्रकाश कापणारं ब्लेड फोकसवर आलं का, हे पट्टीने मोजू नकोस. ते हळूहळू आत सरकव आणि स्क्रीन बघ — सगळं चित्र एकदम, सारखं काळवंडलं तर जागा बरोबर. एका बाजूने सावली चालत आली तर ब्लेड फोकसच्या पुढे किंवा मागे आहे, आणि मग अर्धं चित्र विनाकारण गडद राहील.

१७. साधारण निम्मा प्रकाश कापला की थांब — आणखी कापलं तर बारीक बदल ठळक दिसतात खरे, पण मग अर्धे शॉक ठार काळे होतात आणि काळ्यातलं काही वाचता येत नाही.

१८. एक रन ब्लेड जेटच्या अक्षाला समांतर ठेवून घे, दुसरा आडवं ठेवून — ब्लेड आपल्या धारेला काटकोनात होणारा घनतेचा बदलच दाखवतं. समांतर धार जेटच्या कडा दाखवते. आडवी धार माख डिस्क (जेटमधला आडवा सपाट शॉक), प्लेटपुढचा शॉक आणि वर चढणाऱ्या आवाजाच्या लाटा दाखवते. धार जशी, दिसे तशी.

१९. रनआधी एसी आणि पंखा बंद कर, आणि चार मिनिटं शांत बस — आरशांमधली वाट लांबलचक असते. एसीची झुळूक आणि तुझ्या मागे उभ्या असलेल्या मित्राची ऊब, दोन्ही चित्रात हजेरी लावतात.

कॅमेरा आणि उजेड

२०. फ्रेम रेट ठरवण्याआधी माइक लावून जेटचा सूर मोज, आणि त्याच्या निदान दहापट फ्रेम घे — ६,००० हर्ट्‌झचा सूर सेकंदाला ५,००० फ्रेमवर चित्रित केलास, तर जेट हजार हर्ट्‌झने निवांत डोलताना दिसेल आणि तुला तो नवा शोध वाटेल.

२१. फ्रेम रेट आणि एक्स्पोजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस — कडेचे भोवरे सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास धावतात, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ०.३ मिलिमीटर. एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा असेल, तर तेवढ्यात भोवरा तीन पिक्सेल फासला गेला.

२२. शटर पुरेसं जलद नसेल तर नव्या कॅमेऱ्यासाठी अर्ज लिहायच्या आधी दिवा बदल. झटक्यात लखलखणारा एलईडी किंवा पल्स लेझर आण — अंधाऱ्या खोलीत जेवढा वेळ उजेड, तेवढंच एक्स्पोजर. अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनी १८८७ मध्ये उडत्या गोळीपुढच्या शॉकची छायाचित्रं प्रसिद्ध केली, ती विजेच्या ठिणगीच्या उजेडावरच.

२३. फ्रेम रेट वाढवताना नोझलची कड आणि प्लेट दोन्ही चौकटीत राहतील एवढं बघ — कॅमेरा फ्रेम वाढवताना चित्र कापतो, आणि दोन्हीपैकी एक टोक कापलं गेलं की गोष्ट अर्धीच कळते. फ्रेमचा लोभ, चित्राचा क्षोभ.

२४. दोन फ्रेममध्ये आवाज किती सरकणार, ते आधी कागदावर काढ — सेकंदाला २०,००० फ्रेमवर लाट प्रत्येक वेळी १७ मिलिमीटर पुढे असते. १,००,००० वर साडेतीनच. १७ मिलिमीटरच्या उडीत कुठली लाट कुठली, हे तुलाही ओळखता येणार नाही.

२५. रन झाला की आधी फाईल साठव, मग चहा घे — दहा लाख पिक्सेल आणि २०,००० फ्रेम म्हणजे सेकंदाला ३० गिगाबाइटच्या वर. ६४ गिगाबाइटची मेमरी दोन सेकंदांत भरते, आणि पुढचा ट्रिगर मागचं सगळं पुसतो.

२६. प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर झाकण लावून काळी फ्रेम आणि जेटशिवायची कोरी फ्रेम घे — आरशावरचे डाग आणि उजेडाची असमानता त्यातूनच वजा करता येते. नंतरच्या कोऱ्या फ्रेमवरून मांडणी मध्येच हलली का, तेही कळतं. आधी कोरी फ्रेम, मग जेटवर प्रेम.

२७. कॅमेऱ्याचं स्टँड जेटच्या सांगाड्याला टेकू देऊ नकोस, आरशांचं तर मुळीच नाही — जेट सुरू झालं की सांगाडा थरथरतो, आणि मग प्लेट हलली की कॅमेरा हलला, याचा निकाल लागत नाही.

२८. जेटच्या मधल्या पातळीत मोजपट्टी धरून एक फोटो काढून ठेव, आणि लेन्सला हात लागला की पुन्हा काढ — “एवढे पिक्सेल म्हणजे एवढे मिलिमीटर” हे गणित मागाहून कुठूनही मिळत नाही.

प्लेट आणि सूर

२९. प्लेट नुसती मार खात नाही, उलट उत्तर देते, हे डोक्यात पक्कं ठेव — नोझलच्या कडेला भोवरा सुटतो, प्लेटवर आदळतो, तिथून आवाजाची लाट जेटच्या बाहेरून वर परतते आणि नोझलच्या कडेला ढोसून पुढचा भोवरा सोडवते. मोकळ्या जेटच्या किंचाळीमागे असाच फेरा असतो, हे अॅलन पॉवेल यांनी १९५३ मध्ये मांडलं. इथे उत्तर द्यायला प्लेट आहे एवढाच फरक.

३०. नोझल ते प्लेट अंतर बोल्ट आवळून झाल्यावर मोज, आधी नाही — आवळताना प्लेट सरकते, आणि एखाद-दोन मिलिमीटरच्या फरकानेही सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारू शकतो.

३१. दाब चढवत घेतलेला रन आणि उतरवत घेतलेला रन वेगळे लिही — त्याच दाबाला जेट कधी कधी आलेल्या वाटेप्रमाणे वेगळ्या सुरात राहतं. वहीत ‘चढता’ किंवा ‘उतरता’ हा एक शब्द नसला की दोन खरे रन एकमेकांना खोटं पाडतात.

३२. माइक आणि कॅमेरा एकाच ट्रिगरवर ठेव, आणि माइक जेटच्या झोताबाहेर बाजूला लाव — कुठल्या फ्रेमला आवाजाचं शिखर आलं, हे एकाच घड्याळावर असल्याशिवाय सांगता येत नाही. माइकला आवाज पोचायला लागलेला वेळ वजा करायचा, तेवढं विसरू नकोस.

३३. जवळचे टेबलाचे पत्रे, फ्लँज, कपाटाची दारं यांवर फोम लाव — कुठूनही परतलेला आवाज नोझलच्या कडेपर्यंत पोचला की तोही फेऱ्यात सामील होतो. मग तू नुसत्या जेटचा नव्हे, जेट आणि कपाट दोघांचा मिळून अभ्यास करत असतेस.

३४. प्लेटचं पृष्ठ प्रकाशाच्या वाटेला अगदी समांतर कर — २०० मिलिमीटर रुंदीची प्लेट एक अंशाने कललेली असली, तरी पृष्ठालगतचे साडेतीन मिलिमीटर झाकले जातात, आणि नेमकं पाहण्यासारखं तिथेच असतं.

चित्र वाचताना

३५. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी पूर्ण रन एकदा फ्रेममागून फ्रेम नुसता बघ — नोझलखालचे हिरे, दाब पुरेसा असेल तर आडवी सपाट माख डिस्क, प्लेटपुढचा शॉक वरखाली धापा टाकताना, आणि दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या बारीक कमानी. हे डोळ्यांनी ओळखीचं झालं, की संगणकाने केलेली चूक लगेच खुपते.

३६. सरासरी चित्र आणि सुट्या फ्रेम, दोन्ही जपून ठेव — सरासरीत शॉक छान ठाम दिसतात, पण चालत्या लाटा पुसल्या जातात, आणि सूर तर त्या लाटांचाच असतो.

३७. दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या, म्हणून त्या खरंच भेटल्या असं धरू नकोस — श्लीरेन प्रकाशाच्या सगळ्या वाटेची बेरीज दाखवतं. एक लाट जेटच्या अलीकडची आणि दुसरी पलीकडची असू शकते.

३८. चित्रातला काळा-पांढरा रंग म्हणजे दाब नव्हे, हे पाहुण्यांना सांगत जा आणि स्वतःलाही — तो घनतेच्या बदलाचा, तोही एकाच दिशेतल्या बदलाचा माग आहे. दाबासाठी प्लेटमध्ये भोकं पाडून सेन्सरच बसवावे लागतात.

३९. उभ्या उतरणाऱ्या विमानाबद्दल कुणी विचारलं, तर एका जेटचं चित्र दाखवून सगळं सांगून टाकू नकोस — गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर १९८३ पासून मे २०१६ पर्यंत असलेल्या सी हॅरियरला चार नोझल होती. चार जेट जमिनीवर भेटली की मधून कारंज्यागत हवा वर येते, आणि ती एका जेटच्या चित्रात दिसणारच नाही.

४०. चंद्राबद्दल तर आणखी जपून बोल — २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा सुमारे २.०६ टन माती १०८.४ चौरस मीटरवर उडाली, असा इस्रोच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण तिथे भोवताली हवाच नाही. जेट सुटल्याबरोबर पसरतं, आणि आवाज परत आणायला कुणी नसतं.

४१. रॉकेटवाल्यांचं मात्र लक्ष देऊन ऐक — १९८१ च्या एप्रिलमध्ये स्पेस शटल पहिल्यांदा उडालं, तेव्हा बूस्टर पेटतानाची दाबाची लाट अपेक्षेपेक्षा बरीच जोरात यानापर्यंत आली, आणि दुसऱ्या उड्डाणाआधी ही लाट दबवणाऱ्या पाण्याची व्यवस्था बदलावी लागली. खाली काय जळतं यापेक्षा वर काय परत येतं, हे बघायची सवय तिथूनही घेता येते.

४२. गॅरी सेटल्स यांचं २००१ मधलं ‘श्लीरेन अँड शॅडोग्राफ टेक्निक्स’ हे पुस्तक लायब्ररीत नको, तुझ्या टेबलावर हवं — अडचण येते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि लायब्ररी बंद असते.

घरी जाण्याआधी

४३. फाईलच्या नावात तारीख, दाब, अंतर, ब्लेडची दिशा, फ्रेम रेट आणि एक्स्पोजर सगळं घाल — ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच खरं फायनल’ या तीन फाईलींत खरं कुठलं, हे देवालाही सांगता येत नाही. ज्या फाईलला नाव नाही, त्या चित्राला गाव नाही.

४४. फसलेला रनही वहीत लिही, का फसला त्यासकट — पुढच्या वर्षी येणारं पोर तोच रन पुन्हा करायला निघेल, आणि तेव्हा तू नोकरीला लागून दुसऱ्या शहरात असशील.

४५. पाइपातला दाब उतरव, मुख्य झडप बंद कर, आरशांना झाकणं घाल, आणि हे तिन्ही झाल्याची खूण वहीत कर — सकाळी पहिला येणारा माणूस पाइप रिकामाच आहे असं समजून सांधा खोलतो.

४६. डोळे मिटायला लागले असतील तर शेवटचा रन उद्यावर टाक — थकलेल्या माणसाकडून आधी कोरी फ्रेम राहते, मग इअरमफ राहतो.

एवढं सगळं पाठ करायची गरज नाही. पहिले पाच आणि कोरी फ्रेम, एवढं पाळलंस तरी चालेल, बाकीचं अंगवळणी पडेल. पहिल्या चांगल्या रनचा व्हिडिओ मला नक्की पाठव. मात्र सोबत कोरी फ्रेम आणि वहीच्या त्या पानाचा फोटोही हवा. ते दोन नसतील तर आत्या व्हिडिओ उघडणार नाही.